स्टेरॉइडचा छोटा कोर्स चालू असताना गोळी राहून गेली तर

दम्याचा जोर वाढला म्हणून डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, रोज सकाळी नाश्त्यानंतर, पाच दिवस, असं लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी लग्नाला निघायच्या गडबडीत गोळी राहिली आणि दुपारी चार वाजता, जेवून हात धुताना, आठवलं. आता घ्यायची, सोडायची, की उद्या दोन घ्यायच्या?

दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळीपुरतं उत्तर सोपं आहे. त्याच दिवशी आठवलं तर आठवल्याबरोबर घ्या, काहीतरी खाऊन. दुसऱ्या दिवशी आठवलं तर राहिलेली गोळी सोडून द्या आणि त्या दिवशीची एकच गोळी नेहमीच्या वेळी घ्या. दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नका. डॉक्टरांनी तुम्हाला काही वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच ते आधी.

अडचण पुढे सुरू होते. प्रत्येक कोर्स असा सरळ नसतो. कुठे गोळ्या दर दोन दिवसांनी कमी होत जातात, कुठे दिवसातून तीनदा घ्यायच्या असतात, कुठे एक दिवसाआड. त्यात मधुमेह असेल, लहान मूल असेल किंवा गेल्या वर्षभरात असे चार कोर्स झाले असतील, तर हिशेब बदलतो. एखादी गोळी राहिल्याने सहसा फार बिघडत नाही. बिघडतं ते त्यानंतर घाबरून डबल डोस घेतल्याने, किंवा ‘राहिलीच आहे तर आता नकोच’ म्हणून कोणालाही न सांगता कोर्स सोडून दिल्याने.

आधी चिठ्ठी आणि स्ट्रिप हातात घ्या

निर्णय घेण्याआधी तीन गोष्टी बघा: औषध कोणतं, कोर्स कसा लिहिलाय आणि याआधी स्टेरॉइड कधी घेतलं होतं.

आपल्याकडे तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते प्रेडनिसोलोन. वायसोलोन किंवा ओमनाकॉर्टिल या नावांनी ते लोकांना माहीत असतं. मेथिलप्रेडनिसोलोन म्हणजे मेड्रोल, डेक्सामेथासोन म्हणजे डेक्सोना, बेटामेथासोन म्हणजे बेटनेसोल. डेफ्लाझाकोर्ट बरेच डॉक्टर लहान मुलांना सिरपमधून देतात. ही सगळी एकाच घराण्यातली औषधं असली तरी त्यांची ताकद सारखी नाही. प्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमचं काम मेथिलप्रेडनिसोलोनचे साधारण ३२, डेफ्लाझाकोर्टचे ४८ आणि डेक्सामेथासोनचे फक्त ६ मिलिग्रॅम करतात. म्हणून ‘डेक्साची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची तर आहे, दोन जास्त घेतल्या तर काय होतंय’ हा हिशेब चुकीचा आहे. एका स्टेरॉइडची गोळी राहिली म्हणून घरातली दुसऱ्या नावाची गोळी घेऊन भरपाई करणंही त्याच कारणाने टाळायचं.

मेडिकलमधून कात्रीने कापून दिलेल्या स्ट्रिपवर पुष्कळदा औषधाचं नाव अर्धं असतं किंवा नसतंच. पाच गोळ्या लिहिल्या की पाचच कापून मिळतात, आणि नाव-तारीख दुकानातच राहते. घेतानाच नाव आणि मिलिग्रॅम छापलेला भाग मागून घ्या, नाहीतर पूर्ण स्ट्रिपचा फोनमध्ये फोटो काढून ठेवा. बिलावरही नाव असतं, ते फेकू नका. रात्री अकरा वाजता डॉक्टरांना फोन लावल्यावर ‘छोटी पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावर ते काही सांगू शकत नाहीत.

कोर्सची मांडणी चिठ्ठीवर सहसा १-०-० किंवा १-०-१ अशी असते: सकाळ, दुपार, रात्र. त्यापुढे दिवसांचा आकडा. खाली-खाली उतरणारा कोर्स असेल तर ‘४० तीन दिवस, २० तीन दिवस, १० तीन दिवस, मग बंद’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

एक गोळी राहिली तर आत काय होतं

प्रेडनिसोलोन रक्तातून लवकर उतरतं. दोन ते चार तासांत त्याचं प्रमाण निम्मं होतं. पण त्याचं काम तेवढ्यावर संपत नाही. पेशींमध्ये शिरून त्याने सूज आणणाऱ्या रसायनांची निर्मिती दाबलेली असते आणि तो परिणाम १२ ते ३६ तास टिकतो. म्हणूनच दिवसातून एक गोळी पुरते, आणि म्हणूनच आठ-दहा तासांच्या उशिराने आकाश कोसळत नाही. डेक्सामेथासोनचा परिणाम याहून लांब, दीड-दोन दिवस राहतो.

दुसरी बाजू आपल्या स्वतःच्या ग्रंथींची. मूत्रपिंडांच्या टोकावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात आणि त्याचा जोर पहाटे ते सकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. सकाळचीच वेळ स्टेरॉइडसाठी सांगतात ती याचसाठी: शरीराच्या स्वतःच्या लयीला त्यातल्या त्यात कमी धक्का बसतो, आणि रात्रीची झोपही उडत नाही. शरीराची रोजची निर्मिती प्रेडनिसोलोनच्या भाषेत ५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमीच. बाहेरून ४० आले की ग्रंथी हात आखडता घेतात. पाच-सात दिवसांनी औषध बंद केलं तर त्या लगेच पुन्हा कामाला लागतात. तीन आठवड्यांहून जास्त काळ बाहेरून पुरवठा झाला असेल तर त्यांना जागं व्हायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. छोट्या कोर्समधली चुकलेली गोळी आणि लांबच्या औषधोपचारातली चुकलेली गोळी यांत फरक आहे तो इथे.

तेव्हा छोट्या कोर्समध्ये काळजी ग्रंथींची कमी आणि मूळ आजाराची जास्त. श्वासनलिकेची सूज दबलेली असते, संपलेली नसते.

आता कोणत्या वेळी काय करायचं

*दिवसातून एकदा.* वर सांगितलंच. फक्त रात्रीचा प्रश्न राहतो. रात्रीच्या जेवणाच्या वेळी आठवलं तरी त्या दिवशीची गोळी घेता येते. झोप लागायला उशीर होईल, जरा अस्वस्थ वाटेल, एवढंच. अंथरुणावर पडल्यावर किंवा मध्यरात्री जाग येऊन आठवलं आणि आजार आटोक्यात असेल, तर सकाळपर्यंत थांबून सकाळचीच गोळी वेळेवर घेतली तरी चालतं. त्या वेळी दम लागत असेल तर मात्र प्रश्न राहिलेल्या गोळीचा उरत नाही, त्याबद्दल पुढे.

*दिवसातून दोनदा किंवा तीनदा.* राहिलेला डोस आणि पुढचा डोस यांच्या मधला अर्ध्याहून कमी वेळ गेला असेल तर राहिलेला घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर तो एकच घ्या. सकाळी आठ आणि रात्री आठ अशी वेळ असेल आणि दुपारी बारा-एकला आठवलं, तर घ्या. संध्याकाळी सहाला आठवलं तर रात्रीच्याच गोळीपर्यंत थांबा.

*उतरत्या पायरीचा कोर्स.* इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात, आणि त्यांचा दोष नाही. ४० चा शेवटचा दिवस राहिला आणि आज २० ची सुरुवात आहे. मग आज ४० घ्यायचे की २०? मार्ग दोन आहेत. एकात तारखेप्रमाणे पुढे जायचं, म्हणजे आज २०. दुसऱ्यात राहिलेली पायरी आज पूर्ण करून सगळा कोर्स एक दिवस पुढे ढकलायचा. कोणता मार्ग हे आजार अजून किती शिल्लक आहे त्यावर ठरतं, आणि ते डॉक्टरच सांगू शकतात. एक फोन करा. फोन लागेपर्यंत त्या दिवसासाठी लिहिलेला डोस घ्या. ४० आणि २० मिळून ६० करू नका आणि मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारू नका.

अमेरिकेत राहणाऱ्यांच्या हाती मेथिलप्रेडनिसोलोनचं २१ गोळ्यांचं तयार पाकीट येतं: ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या, पहिल्या दिवशी सहा, मग पाच, चार, तीन, दोन आणि एक. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांचे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचे प्रश्न बहुतेक याच पाकिटाबद्दल असतात. त्यात एका दिवसाच्या गोळ्याही सकाळ, दुपार, रात्र अशा विभागलेल्या असतात. पाकीट दुपारी हातात आलं तर पहिल्या दिवसाच्या सहा गोळ्या कशा घ्यायच्या हे तिथल्या फार्मसिस्टला लगेच विचारून घ्या. मधली एखादी राहिली तर नियम दिवसातून दोन-तीनदाचाच.

*एक दिवसाआड.* गोळीच्या दिवशी सकाळी राहिली आणि दुपारच्या आत आठवलं तर घेऊन टाका. उशिरा आठवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, त्यानंतर एक दिवस सोडा, आणि तिथून नवं चक्र धरा. कॅलेंडरवर खुणा बदलायला विसरू नका, नाहीतर दोन दिवस सलग घेतल्या जातात.

*घेतली की नाही तेच आठवत नाही.* गोळ्या मोजा. चिठ्ठीवरच्या तारखेपासून किती संपायला हव्या होत्या आणि किती उरल्या, यातून नव्वद टक्के वेळा उत्तर मिळतं. मोजूनही कळलं नाही तर त्या दिवशी दुसरी घेऊ नका, उद्यापासून नेहमीप्रमाणे.

*गोळी घेतली आणि उलटी झाली.* अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, विशेषतः उलटीत गोळी दिसली, तर ती पोटात लागलेली नाही असं धरतात आणि पोट शांत झाल्यावर पुन्हा एकदा देतात. लहान मुलाच्या बाबतीत ही दुसरी मात्रा देण्याआधी डॉक्टरांना विचारा. तासाभरानंतर उलटी झाली असेल तर बहुतेक औषध शोषलं गेलेलं असतं. वारंवार उलट्या होत असतील आणि गोळी टिकतच नसेल, तर घरी प्रयोग करत बसू नका. इंजेक्शनने औषध द्यावं लागू शकतं.

*दोन किंवा अधिक दिवस राहिली.* इथे स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नका. डॉक्टरांना सांगा की अमुक तारखेपासून घेतलेली नाही आणि आत्ता त्रास असा आहे. कधी ते म्हणतील, आता गरज नाही; कधी कोर्स पहिल्यापासून सुरू करायला सांगतील.

*चुकून दोन घेतल्या गेल्या.* मोठ्या माणसाने एखाद्या दिवशी प्रेडनिसोलोनची एक गोळी जास्त घेतली तर सहसा मोठा धोका नसतो. पोटात जळजळ, झोप न येणं, चिडचिड, छातीत धडधड असं होऊ शकतं. उद्याची गोळी ‘भरपाई’ म्हणून गाळू नका, ठरल्या वेळी घ्या. मधुमेह असेल तर साखर तपासा. मुलाने हाती लागलेल्या गोळ्या खाल्ल्या असतील तर लगेच डॉक्टर गाठा आणि स्ट्रिप बरोबर न्या.

मधुमेह असेल तर थांबून हा भाग वाचा

सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती बहुधा दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची साखर बऱ्यापैकी ठीक दिसते आणि जेवणानंतरची डोळे विस्फारायला लावते. म्हणून कोर्सच्या दिवसांपुरतं डॉक्टर इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या वाढवून देतात. आता कल्पना करा, स्टेरॉइडची गोळी राहिली, पण वाढवलेलं इन्सुलिन मात्र नेमाने घेतलं. साखर चढवणारा गेला, उतरवणारा तसाच राहिला. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचंही तेच.

लोक स्टेरॉइड आणि साखर म्हटलं की फक्त वाढण्याची भीती धरतात. गोळी राहिलेल्या दिवशी भीती उतरण्याची असते. त्या दिवशी साखर जास्त वेळा तपासा, जेवण चुकवू नका, आणि हातपाय थरथरणं, दरदरून घाम, गरगरणं, अचानक प्रचंड भूक असं झालं तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. इन्सुलिन किती कमी करायचं हे डॉक्टरांकडून आधीच, कोर्स सुरू होतानाच, लिहून घेतलेलं बरं: ‘स्टेरॉइड घेतलं नाही त्या दिवशी किती?’ हा प्रश्न चिठ्ठी घेताना विचारायला फक्त अर्धा मिनिट लागतो. कोर्स संपतो त्या दिवशीही वाढवलेले डोस परत खाली आणायचे असतात, तेही याच वेळी विचारून घ्या.

आजार कोणता, यावर घाई ठरते

दम्याच्या तीव्र झटक्यात मोठ्यांना प्रेडनिसोलोन साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम पाच ते सात दिवस देतात, मुलांना वजनाप्रमाणे तीन ते पाच दिवस. इतक्या छोट्या कोर्सला उतरती पायरी सहसा लागत नाही. धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने झालेल्या दीर्घकालीन श्वसनविकारात झटका आला तर ४० मिलिग्रॅम पाच दिवस. म्हणजे पाचातला एक दिवस गेला तर पाचवा हिस्सा गेला. कोर्स छोटा असल्याने प्रत्येक गोळीचं वजन जास्त, म्हणून त्याच दिवशी आठवलं तर उशिरा का होईना घेण्यावर भर. श्वासाचा पंप (इनहेलर) मात्र दोन्ही वेळा चालूच ठेवायचा. गोळी सुरू झाली म्हणून पंप बंद करणं ही घरोघरी दिसणारी चूक आहे. पंपाचा एखादा डोस राहिला तर पुढचा वेळेवर घ्या, दुप्पट फवारे मारू नका.

तोंड एका बाजूला वाकडं होतं त्या बेल्स पाल्सीमध्ये स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. तिथे पहिल्या दिवसांतली दिरंगाई परवडत नाही. सकाळी राहिली आणि रात्री आठवलं, तर झोपेची पर्वा न करता घ्या. मला वाटतं, या आजारात घरातल्या दुसऱ्या कुणीतरी गोळ्यांची जबाबदारी घ्यावी, कारण रुग्ण स्वतः आरशासमोर इतका खचलेला असतो की वेळापत्रक त्याच्या डोक्यात बसत नाही.

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या म्हणून दिलेल्या तीन दिवसांच्या कोर्समध्ये गोळी राहिली आणि गांधी पूर्ण गेल्या असतील, तर घाई कमी. डॉक्टरांना विचारून पुढचं ठरवा.

काही ठिकाणी स्टेरॉइड घड्याळ लावून घ्यायचं असतं, आणि तिथे ‘उशिरा घेतली तरी चालेल’ हे लागू पडत नाही. स्कॅनसाठी टोचतात त्या रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला सीटी स्कॅनआधी प्रेडनिसोलोन देतात ते तपासणीच्या १३, ७ आणि १ तास आधी असं. डोसिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाआधी डेक्सामेथासोन आदल्या दिवसापासून तीन दिवस घ्यायचं असतं. यातला एक जरी डोस राहिला तरी सलाइन लावण्याआधी किंवा स्कॅनच्या टेबलावर चढण्याआधी नर्सला किंवा डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तारीख पुढे जाईल, तंत्रज्ञ वैतागेल, म्हणून गप्प राहू नका. तीव्र अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया टाळण्यासाठीच तो डोस होता.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे स्टेरॉइडचे थेंब राहिले तर आठवल्यावर बाटली हलवून एक थेंब घाला आणि पुढच्या वेळा पूर्ववत पाळा. दोन थेंब टाकून उपयोग नाही, डोळ्यात एकच मावतो.

वाट बघू नका अशा वेळा

गोळी राहिली आणि त्यानंतर खालीलपैकी काही झालं, तर ‘आधी गोळी घेऊन बघू’ असं करू नका. तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडला परिणाम दाखवायला काही तास लागतात, आणि तेवढे तास हातात नसतात.

पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता न येणं. ओठ किंवा नखं निळसर पडणं. श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाणं. आरामाचा पंप मारूनही आराम न पडणं किंवा तासा-दोन तासांत पुन्हा तो लागणं. मूल दूध ओढू न शकणं किंवा गळून झोपाळलेलं होणं. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात ही रुग्णवाहिका मोफत येते. ती येईपर्यंत रुग्णाला बसतं ठेवा, आडवं करू नका, आणि साल्ब्युटामॉलचा (आरामाचा) पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे देत राहा.

दुसरा गट आहे अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी पडल्याचा. छोट्या कोर्समध्ये ही वेळ क्वचित येते, पण खूप थकवा, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ-उलट्या, पोटात दुखणं, साखर उतरणं, गोंधळल्यासारखं बोलणं असं एकत्र दिसलं तर रुग्णालयात जा आणि ‘स्टेरॉइड चालू होतं, अमुक दिवस राहिलंय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन यांनी सुधारणा होते, फक्त डॉक्टरांच्या मनात ही शंका यायला हवी.

तुमचा ‘छोटा’ कोर्स खरंच छोटा आहे का?

तीन आठवड्यांपेक्षा कमी घेतलेलं स्टेरॉइड बहुधा थेट बंद करता येतं. पण हे वाक्य सगळ्यांना लागू नाही. आठवड्याहून जास्त काळ ४० मिलिग्रॅमपेक्षा मोठा डोस झालाय. संध्याकाळचे डोस बरेच दिवस चाललेत. अलीकडच्या काळात एकामागून एक कोर्स झालेत. लांबचं स्टेरॉइड थांबून अजून वर्ष झालेलं नाही. यातलं एकही असेल तर तुमच्या कोर्सला छोटा समजून चालू नका. गोळी राहिली तर लवकर सांगा, बंद करायची असेल तर डॉक्टरांच्या पायरीनेच.

आणखी एक प्रकार आपल्याकडे आहे, ज्याची नोंद कुठल्याच चिठ्ठीवर नसते. सांधेदुखी, दमा किंवा भूक लागत नाही यासाठी गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या. ‘जडीबुटी’ म्हणून विकलेल्या अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. चेहरा गोल होत चाललाय, वजन वाढतंय, पुडी घेतली की लगेच बरं वाटतं आणि सोडली की अंग मोडून येतं, असं असेल तर ती पुडी डॉक्टरांना दाखवा. अशा माणसाचा पाच दिवसांचा कोर्स हा खरं तर पाच वर्षांच्या कोर्सचं शेपूट असू शकतो.

विसरली, की सोडली?

तिसऱ्या दिवशी श्वास मोकळा होतो आणि चौथ्या दिवशी गोळी ‘विसरते’. यात विसरणं थोडं आणि नको वाटणं जास्त असतं. स्टेरॉइड या शब्दाची धास्ती २०२१ नंतर महाराष्ट्रात आणखी वाढली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे रुग्ण आपण सगळ्यांनी पाहिले किंवा ऐकले. त्यात अनियंत्रित मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड ही जोडी होती, हे खरंच. व्यायामशाळेतल्या स्टेरॉइडचाही यात गोंधळ होतो; स्नायू फुगवणारी ती औषधं वेगळ्या गटातली आहेत. पण दम्याच्या पाच दिवसांच्या कोर्सची भीती धरून तो चौथ्या दिवशी सोडला आणि महिन्याभरात पुन्हा झटका आला, तर हाती येतो तो आणखी एक कोर्स, म्हणजे ज्याची भीती होती तेच जास्त. दुष्परिणाम सोसवत नसेल, रात्र रात्र झोप नसेल, पोटात आग पडत असेल तर तसं सांगा. वेळ बदलता येते, पोटाची गोळी जोडता येते, कधी कोर्स आखूडही करता येतो. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेत असाल तर तेही सांगा, कारण स्टेरॉइडबरोबर ती पोटाच्या अस्तराला जास्त त्रास देतात.

उपवास हे गोळी राहण्याचं आणखी एक कारण. श्रावणात सोमवार-शनिवार, मध्ये चतुर्थी, एकादशी. आजारपणात उपवास न करणं उत्तम. करायचाच असेल तर दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू असं काही खाऊन गोळी घ्या, रिकाम्या पोटी चहावर नको. रमजानमध्ये कोर्स आला तर रोजाबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. दिवसातून एकदाची गोळी सहरीला घेता येते का ते विचारा.

पुढची गोळी राहू नये म्हणून

पाच दिवसांसाठी फार यंत्रणा लागत नाही. स्ट्रिपवर प्रत्येक गोळीच्या मागे बॉलपेनने वार लिहा: सोम, मंगळ, बुध. घेतली की ते घर रिकामं, संशयाला जागाच नाही. उतरत्या कोर्ससाठी कॅलेंडरच्या चौकटीत त्या त्या तारखेला मिलिग्रॅम लिहा आणि घेतल्यावर काट मारा. स्ट्रिप चहाच्या डब्याशेजारी ठेवा, देवघरात किंवा कपाटात नको, मुलांचा हात पोहोचणार नाही एवढं बघा. प्रवासाला निघताना गोळ्या हातातल्या पिशवीत. एसटीच्या डिकीतल्या बॅगेत असल्या तर आठवूनही उपयोग नाही. रात्रपाळी असेल तर ‘सकाळ’ म्हणजे तुमची उठायची वेळ धरायची का, हे डॉक्टरांशी ठरवून घ्या.

मुलांच्या सिरपमध्ये वेगळी गोची असते: आईने दिलं की आजीने, हे दोघींनाही नक्की माहीत नसतं, आणि एकदा राहतं किंवा दोनदा जातं. बाटलीला रबरबँडने कागद बांधा, जो देईल त्याने वेळ लिहायची. मात्रा बाटलीबरोबरच्या मापानेच मोजा. घरातला चमचा कधी तीन मिलिलिटरचा असतो, कधी सातचा. मूल कडूपणामुळे थुंकत असेल तर पाण्यात विरघळणारी गोळी मिळते का ते विचारा. ज्या गोळीवर विशेष आवरण असतं ती कुटून देऊ नका.

डॉक्टरांना फोन करायचा झाला तर बोलायच्या गोष्टी आधी कागदावर काढा: औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, कशासाठी दिलं, कोर्सचा कितवा दिवस, कोणत्या तारखेची गोळी राहिली, आत्ता त्रास काय, साखरेची किंवा इतर कोणती औषधं चालू आहेत, आणि गेल्या वर्षभरात स्टेरॉइडचे किती कोर्स झाले. डॉक्टर फोन उचलत नसतील तर चिठ्ठी लिहिलेल्या दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांना, तेही नसतील तर मेडिकलमधल्या फार्मसिस्टला विचारा. औषधाच्या वेळेचं तो सांगू शकतो. डोस वाढवायचा-कमी करायचा असेल तर मात्र डॉक्टरच.

राहिलेल्या गोळीमुळे कोर्सच्या शेवटी एखादी गोळी उरते. ती पुढच्या खोकल्यासाठी डब्यात ठेवू नका आणि शेजारणीच्या सुनेला ‘मला यानेच बरं वाटलं होतं’ म्हणून देऊ नका. पुढच्या भेटीला ती फाइलबरोबर घेऊन जा आणि कोणत्या तारखेची आहे ते सांगा.